शाळामास्तर ओहम

काही माणसांची नावे इतकी रुळून जातात की त्या नावामागे कोणी हाडामांसाचा माणूस होता, याचाच आपल्याला विसर पडतो. जॉर्ज सायमन ओहम हा त्यांपैकी एक. दहावीच्या पुस्तकात तो आपल्याला नियम म्हणून भेटतो, पी. यू. सी.च्या प्रयोगशाळेत रोधाचे एकक म्हणून भेटतो आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर रंगीत पट्ट्यांच्या इवल्याशा नळ्यांवर भेटतो. माणूस म्हणून मात्र तो कोठेच भेटत नाही.

पदार्थविज्ञान शिकवताना मला नेहमी जाणवते की ओहमचा नियम फळ्यावर लिहायला एक मिनिट पुरते आणि समजावून द्यायला दहा मिनिटे. विद्युतदाबाला रोधाने भागले की विद्युतधारा मिळते. यात अवघड काय आहे? पण हा नियम हाती येण्यापूर्वी त्याच्या कर्त्याने एक चुकीचा नियम छापून प्रसिद्ध केला होता, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ती चूक त्याने कशी शोधली, यातच त्याचे खरे मोठेपण आहे. घरातले एखादे उपकरण लावताच वीज बंद पडते तेव्हा काय करावे, याचे उत्तरही तिथेच सापडते. म्हणून त्याचे चरित्र सांगता सांगता मी वाचकांना थोडा वेळ स्वयंपाकघरातही नेणार आहे.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलपे बनवणारे कारागीर. आई शिंप्याची मुलगी. वडिलांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. पण या माणसाने कानस आणि हातोडी चालवता चालवता स्वतःच्या हिमतीवर गणित व तत्त्वज्ञान आत्मसात केले आणि आपल्या मुलांना घरीच शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे नामवंत गणिती झाला. कुलपे करणाऱ्याच्या त्या घरातून दोन विद्वान बाहेर पडले ते बापाच्या शिकवणीमुळे. शिवाय धातू घासून, ताणून, जोडून नेमकी वस्तू घडवण्याचे हस्तकौशल्य जॉर्जला तिथेच मिळाले आणि ते त्याला जन्मभर पुरले.

१८०५ साली तो एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाला, आणि आजच्या काही विद्यार्थ्यांना दिलासा वाटेल असे वागला. अभ्यासापेक्षा नाच, बर्फावरचे स्केटिंग आणि बिलियर्ड यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. पोटाला चिमटा काढून शिकवणारा बाप संतापला. तीन सत्रांनंतर शिक्षण सुटले आणि १८०६ मध्ये जॉर्ज स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झाला. पुढे काही वर्षे शिकवण्या करीत त्याने स्वतःच्या बळावर मोठमोठ्या गणितज्ञांचे ग्रंथ वाचले, १८११ मध्ये परत येऊन एर्लांगेनची डॉक्टरेट मिळवली आणि विद्यापीठात व्याख्याता झाला. पण त्या पदावर पोट भरत नसे. तीन सत्रांत तेही सोडावे लागले. १८१३ पासून बांबर्ग येथील एका सामान्य शाळेत त्याने नोकरी केली. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली. तरीही त्याने भूमितीवर एक छोटे पुस्तक लिहिले, त्याची प्रत प्रशियाच्या राजाकडे पाठवली, आणि १८१७ मध्ये कोलोन शहरातल्या जेझुइट जिम्नॅझियममध्ये गणित व पदार्थविज्ञान शिकवण्याची जागा त्याला मिळाली.

जिम्नॅझियम म्हणजे आपल्याकडचे हायस्कूलच. तेव्हा ओहम हा प्राध्यापक नव्हता, शाळामास्तर होता. तो चांगला शिक्षक असावा असे मानायला जागा आहे, कारण त्या शाळेत त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी डिरिक्ले हा पुढे एकोणिसाव्या शतकातील थोर गणितज्ञांमध्ये गणला गेला. शाळेची प्रयोगशाळा बऱ्यापैकी सुसज्ज होती. १८२० मध्ये ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने विजेच्या तारेजवळ चुंबकसूची वळते हे दाखवून दिले आणि साऱ्या युरोपभर विजेचे प्रयोग सुरू झाले. शाळा सुटल्यावर कोलोनचा हा मास्तरही त्या प्रयोगांत गढून गेला.

त्याचा प्रश्न साधा होता. तारेची लांबी वाढवली की तिच्यातून जाणारी वीज कमी होते. पण नेमकी किती कमी होते? त्या वेळी व्होल्टमीटर नव्हता, अ‍ॅमीटर नव्हता. विद्युतदाब आणि विद्युतधारा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेही कोणाला नीट उमगले नव्हते. ओहमने घटाला निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडल्या, तारेजवळ टांगलेली चुंबकसूची किती जोराने वळते ते मोजले आणि १८२५ मध्ये आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यात लॉगरिथमचे एक सूत्र होते. ते सूत्र चूक होते.

चूक कशामुळे झाली? दोष तारेत नव्हता, सूचीत नव्हता आणि मोजणाऱ्याच्या डोळ्यांतही नव्हता. दोष घटात होता. व्होल्टाच्या जातीचा घट जोडल्या क्षणी जोमदार असतो. मग त्याच्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे साचतात आणि त्याचा जोर ओसरू लागतो. थोडी विश्रांती दिली की तो पुन्हा उभारी धरतो. म्हणजे ओहम तार बदलत होता खरा, पण त्याच वेळी त्याच्या नकळत उगमही बदलत होता. दोन गोष्टी एकदम बदलल्या की परिणाम कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

घटाचा हा चंचलपणा ओहमला दिसत होता. पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला सुचवले की घट सोडून द्यावा आणि झेबेकने १८२१ च्या सुमारास शोधलेले उष्णतेचे युग्म वापरावे. दोन वेगळ्या धातूंचे सांधे जोडून एक सांधा तापवला व दुसरा थंड ठेवला, तर त्यांतून मंद पण स्थिर वीज वाहते. ओहमने बिस्मथ आणि तांबे यांचे युग्म बनवले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोहोंच्या तापमानांत बदल नाही. तापमान बदलत नाही म्हणून उगमही बदलत नाही. मग एकाच जातीच्या तांब्याच्या आठ तारा त्याने घेतल्या. सर्वांत आखूड तार दोन इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. एकेक तार जोडायची, सूची वळू लागली की तिला टांगणाऱ्या धातूच्या पट्टीला पीळ देऊन परत जागेवर आणायचे आणि किती पीळ द्यावा लागला ते नोंदवायचे. या सगळ्यात बापाकडून आलेली कारागिरी कामी आली. १८२६ च्या जानेवारीत त्याने ही मोजमापे केली आणि त्याच वर्षी नवे सूत्र प्रसिद्ध केले. तारेच्या लांबीत एक ठराविक आकडा मिळवायचा आणि त्या बेरजेने उगमाच्या जोराला भागायचे. उत्तर म्हणजे विजेचा परिणाम. तो ठराविक आकडा म्हणजे तार सोडून बाकीच्या साऱ्या जोडणीचा रोध. आधीचे सूत्र छापून झाले आहे, लोकांनी वाचले आहे, आता माघार कशी घ्यावी, असा विचार त्याने केला नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळू. लग्नकार्य असो वा सण, एखादे उपकरण लावावे आणि फटकन सारे घर अंधारात जावे, हा अनुभव बहुतेकांच्या घरी येतो. अशा वेळी माणसे जे करतात ते ओहमच्या १८२५ च्या प्रयोगासारखे असते. एकाच वेळी दुसरे सॉकेट, दुसरी वायर, दुसरे उपकरण असे सगळे बदलून पाहतात आणि शेवटी ज्याच्यावर आधीपासून राग असतो त्याच्यावर दोष ठेवतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात पावसाने कहर केला होता. त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर आमच्या वहिनींनी नानकटाईसाठी माळ्यावरचा विजेचा ओव्हन काढला. पिन लावून बटण दाबताच घरभर वीज गेली. बोर्डावरचा साधा एमसीबी जागच्या जागी होता. पडला होता तो शेजारचा मोठा आरसीसीबी, ज्याला घरोघरी अजून ईएलसीबीच म्हणतात. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. घरात लगेच दोन पक्ष झाले. एकाच्या मते तो ईएलसीबीच फार नाजूक होता, कारण ओव्हन मागच्या वर्षी उत्तम चालत होता. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी तर तो मधून काढून वायर थेट जोडून घेण्याचा सल्ला दिला, आणि सणाच्या घाईत माझे बंधू त्याला जवळजवळ तयारही झाले होते. वहिनींनी मात्र घरात लहान मुले आहेत याची आठवण करून देऊन मला हाक मारली.

मी ओहमच्या दुसऱ्या प्रयोगाची रीत धरली. आधी घरातल्या सर्व उपकरणांच्या पिना सॉकेटमधून काढून घेतल्या. नुसते बटण बंद करून भागत नाही. बटण एकच तार तोडते, आणि दोष दुसऱ्या तारेकडून असला तर बटण बंद असूनही ब्रेकर पडू शकतो. सगळ्या पिना निघाल्यावर ब्रेकर वर केला, तो राहिला. म्हणजे भिंतीतल्या वायरिंगवर संशय घेण्याचे कारण उरले नाही. ब्रेकरवरचे टेस्ट बटण दाबले, तो पडला. त्याची यंत्रणा जिवंत होती. मग फ्रिज लावला, मिक्सर लावला, किटली लावली, प्रत्येक एकटे. काही झाले नाही. हे एकेकटे लावणे महत्त्वाचे, कारण हा ब्रेकर घरातल्या सर्व उपकरणांची गळती एकत्र मोजतो. चार उपकरणांची थोडी थोडी गळती मिळूनही तो पडू शकतो. शेवटी बाकी सारे काढून फक्त ओव्हन लावला. ब्रेकर पडला. ओव्हन दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर नेला; तिथेही पडला. आता शंकेला जागा नव्हती.

ओव्हन उघडण्याचे काम मी केले नाही, ते वायरमनचे. त्याने मेगर लावला. कॉइलच्या दोन टोकांमध्ये रोध जेवढा हवा तेवढाच होता. पण कॉइल आणि ओव्हनचे पत्र्याचे अंग यांमध्ये काटा जिथे अनंताकडे जायला हवा तिथे शून्याशी चिकटून राहिला. अशा उपकरणातली कॉइल धातूच्या नळीत बसवलेली असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते. ही भुकटी कोरडी असेपर्यंत वीज अडवते, पण तिला ओल ओढून घेण्याची खोड आहे. माळ्यावर पडून राहिलेल्या त्या ओव्हनने सारा पावसाळा पिऊन घेतला होता. वायरमनने कॉइल दुकानात नेऊन मंद उष्णतेवर वाळवली. पुन्हा मेगर लावला तेव्हा काटा दोन मेगओहमच्या, म्हणजे वीस लाख ओहमच्या, वर गेला. या कामात निदान एक मेगओहम हवा असा वायरमन मंडळींचा दंडक असतो. नानकटाई झाली आणि ईएलसीबी जागेवरच राहिला.

आता यातले गणित पाहू, कारण ते सर्वस्वी ओहमचे आहे. ब्रेकर पडण्याची कारणे मुख्यतः तीन, आणि तिन्ही एकाच भागाकारातून निघतात. आपल्या घरातला विद्युतदाब २३० व्होल्ट. १५०० वॅटच्या ओव्हनचा रोध सुमारे ३५ ओहम. २३० ला ३५ ने भागले की साडेसहा अँपिअर. हे ठीक आहे. पण त्याच १६ अँपिअरच्या लाइनवर दोन हजार वॅटच्या दोन शेगड्याही लावल्या तर बेरीज २४ अँपिअरच्या घरात जाते. अशा वेळी एमसीबीमधली धातूची पट्टी हळूहळू तापून वाकते आणि काही वेळाने ब्रेकर पडतो. हा झाला अतिभार. दुसरे कारण शॉर्ट सर्किट. वायरचे वेष्टण जळून दोन तारा भिडल्या आणि रोध अर्ध्या ओहमवर आला तर धारा ४६० अँपिअर होते. मग एमसीबीतले चुंबक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्याला पाडते. तिसरे कारण गळती. घरगुती आरसीसीबी सामान्यतः ३० मिलिअँपिअरचा असतो. जाणारी व परतणारी धारा यांत एवढी तफावत पडली की तो पडलाच पाहिजे. २३० ला तीस हजारांशाने भागा. उत्तर सुमारे ७७०० ओहम. तार आणि उपकरणाचे अंग यांमधला रोध याच्या खाली गेला की ब्रेकर उभा राहणार नाही. म्हणून कोणता ब्रेकर पडला आणि लावताक्षणी पडला की काही वेळाने, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. निम्मे निदान तिथेच होते.

आणि ब्रेकर मधून काढून टाकण्याचा तो सल्ला? हात ओले असले तर माणसाच्या देहाचा रोध हजार-दीड हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० ला दीड हजाराने भागले की सुमारे १५० मिलिअँपिअर येतात, ब्रेकरच्या मर्यादेच्या पाचपट. एवढी धारा काळजातून गेली तर ते बंद पडू शकते. आर्थिंग शाबूत असेल तर गळती जमिनीत जाईल. पण आर्थिंगची तार कोठे सैल असली आणि ब्रेकरही काढून टाकलेला असला, तर तिच्या वाटेवर उभा राहतो तो उपकरणाला हात लावणारा माणूस. पडणारा ब्रेकर आपली गैरसोय करतो हे खरे, पण तो खरे बोलत असतो.

ओहमनेही खरे तेच सांगितले होते. त्याचे स्वागत मात्र फारसे झाले नाही. १८२६ मध्ये शाळेकडून वर्षभराची रजा, तीही अर्ध्या पगारावर, घेऊन तो बर्लिनला भावाकडे जाऊन राहिला आणि १८२७ मध्ये त्याने विजेच्या मंडलाचे गणिती विवेचन करणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. उष्णता जशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहते तशी वीज वाहते, ही त्यातली दृष्टी फ्रेंच गणितज्ञ फूरिए याच्या ग्रंथावरून त्याला सुचली होती. या ग्रंथाने विद्यापीठाची दारे उघडतील अशी त्याची आशा होती. पण तिथल्या पदार्थवैज्ञानिकांपैकी अनेकांना एवढे गणित रुचले नाही. पोल नावाच्या प्राध्यापकाने तर ग्रंथावर कडक टीका केली. आशा भंगली. १८२८ मध्ये ओहमने कोलोनच्या शाळेचा राजीनामा दिला आणि पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्याच्या कामांवर काढली. वय चाळिशीकडे झुकलेले, संसार नाही, हाती कायमची नोकरी नाही. ज्या मोजमापांवर पुढे साऱ्या जगाची वीजघरे उभी राहायची होती, ती मोजमापे करणाऱ्याची ही अवस्था होती.

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात त्याला जागा मिळाली. दरम्यान लाइपझिगमध्ये फेखनरने त्याचे प्रयोग पुन्हा करून ते खरे ठरवले होते. मान मात्र प्रथम परदेशातून आला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोप्ले पदक दिले आणि पुढच्या वर्षी आपला परदेशी सभासद करून घेतले. मग मायदेशालाही जाग आली. १८४९ मध्ये त्याला म्यूनिकला बोलावण्यात आले आणि १८५२ मध्ये तिथल्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्यासन मिळाले. तरुणपणी ज्याची इच्छा धरली ते पद त्याला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लाभले, आणि ते त्याने दोनच वर्षे भोगले. ६ जुलै १८५४ रोजी म्यूनिक येथे त्याचा मृत्यू झाला. १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोधाच्या एककाला ओहमचे नाव दिले.

एक नोंद इथे करायला हवी. हाच नियम इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशला १७८१ च्या सुमारास गवसला होता. मोजण्याचे साधन नसल्यामुळे तो स्वतःच्या शरीराला झटका देऊन त्याच्या तीव्रतेचा अंदाज घेई. पण त्याने ते काम छापले नाही. मॅक्सवेलने १८७९ मध्ये त्याची टिपणे प्रसिद्ध केली तेव्हा कोठे जगाला ते कळले. कॅव्हेंडिश श्रीमंत उमराव घराण्यातला, त्याला कोणाकडे जागा मागायची नव्हती. ओहमने आपले काम लोकांपुढे ठेवले, चुकले तेव्हाही आणि बरोबर आले तेव्हाही, आणि त्यापायी नोकरीही पणाला लावली.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एकच सांगावेसे वाटते. ओहमच्या नियमाचा प्रयोग तुम्ही सर्वजण करता. काही वह्यांमध्ये आकडे इतके सुबक येतात की आलेखाची रेषा एकही बिंदू चुकवत नाही. मागच्या वर्षीच्या वह्या चाळल्या की त्या सुबकपणाचे मूळ सापडते. ज्याच्या नावाचा हा प्रयोग आहे त्याचे स्वतःचे पहिले आकडे सरळ रेषेत आले नव्हते. ते न जुळणारे आकडे त्याने खोडले असते, तर घटाचा दोष त्याला दिसलाच नसता आणि नियमही हाती आला नसता. तुमचा काटा पुस्तकाशी जुळला नाही तर आकडा बदलू नका. एकेक जोडणी काढून पाहा, उगमापासून सुरुवात करा, आणि जे दिसेल तेच वहीत लिहा. तसा आलेख वाकडा आला म्हणून मी कोणाचे गुण कापणार नाही.